बाळंतपणातलं बीपी गेलं, पण ते कार्ड कुठं ठेवलंयस?

पत्र असं आलंय, जरा कमी करून देते:

"सिस्टर मावशी, नमस्कार. मी कसबा बावड्यात राहते, वय 36, एका पतसंस्थेत कॅशियर आहे. सहा वर्षांपूर्वी मुलीच्या वेळी आठव्या महिन्यात माझं बीपी एकदम 170/110 झालं, तोंड सुजलं, लघवीतून प्रोटीन जायला लागलं, डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. 33 व्या आठवड्यात रातोरात सिझर केलं. मुलगी 1 किलो 600 ग्रॅमची, अठरा दिवस काचेत होती. आता ती पहिलीत आहे, मस्त आहे. मला दीड महिना बीपीच्या गोळ्या होत्या, मग 'नॉर्मल आहे' म्हणून बंद केल्या आणि विषय संपला. गेल्या महिन्यात ऑफिसात तपासणी शिबिर झालं तिथं बीपी 146/94 निघालं. त्रास काहीच नाही. सासूबाई म्हणतात बाळंतपणातलं बाळंतपणात गेलं, तू टेन्शन घेतीस म्हणून वाढलंय. मोबाइलवर वाचलं की अशा बायकांना पुढं हार्टचा त्रास होतो, तेव्हापासून झोप उडालीय, छातीत जरा चमकलं तरी घाबरते. माझ्या जाऊबाईंना बाळंतपणात शुगर होती, त्यांनाही नंतर कुणी काही बोललं नाही. आम्ही दुसऱ्या मुलाचा विचार करतोय. खरंच संबंध असतो का? आणि गोळी एकदा लागली की आयुष्यभर, असं म्हणतात. काय करू? – बावड्याची कॅशियर"

अगं पोरी, आधी एक सांग, ते डिस्चार्ज कार्ड कुठाय? सापडतंय का बघ आत्ताच. तिजोरीत असंल, नाहीतर मुलीच्या लसीकरणाच्या फाइलमध्ये, नाहीतर माहेरी आईच्या ट्रंकेत. बाकीचं सगळं त्या कार्डावरून सुरू होतंय म्हणून आधी तेच विचारते.

आता तुझा प्रश्न. संबंध असतो का, तर हो असतो, आणि चांगलाच असतो. म्हणून उद्या तुला अटॅक येणार का, तर नाही. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत आणि मोबाइलवरच्या बातमीत पहिलीच मोठ्या अक्षरात असते, दुसरी कुणी छापतच नाही, म्हणून तुझी झोप गेली.

आणि तुझ्या सासूबाईंवर रागावू नकोस हं. त्या जे म्हणतायत तेच मी स्वतः 31 वर्षं बाळंतीण वॉर्डात बायकांना सांगत होते. डिस्चार्जच्या दिवशी कार्ड हातात द्यायचं, टाके कधी काढायचे, बाळाची लस कधी, अंगावर पाजायचं कसं, सगळं पोपटासारखं सांगायचं आणि शेवटी म्हणायचं, वार पडली की बीपी पण गेलं, आता काळजी करू नका वहिनी. आम्हाला शिकवलंच तसं होतं की हा रोग वारेचा (पोटात बाळाला पोसते ती वार), वार बाहेर आली की रोग संपला. तेवढ्यापुरतं ते खरंही होतं. पण ती बाई पुढं चाळिशीत, पन्नाशीत कशी असेल हे आमच्या वॉर्डाला कधी कळायचंच नाही कारण ती आमच्याकडं परत यायचीच नाही. ती जायची फिजिशियनकडं, आणि फिजिशियन विचारायचे वडलांना शुगर आहे का, तंबाखू खाता का, मिश्री लावता का. बाळंतपण कसं गेलं हे कोण विचारतंय.

मला हे कळलं ते रिटायर झाल्यावर, आणि तेही लक्ष्मीपुरीत भाजी घेताना. एका बाईनं हाक मारली, सिस्टर ओळखलं का. मी नाव विसरलेले पण चेहरा नाही. ऐन नवरात्रात रात्री झटके येत आणलेली पोर होती ती. त्या काळी आम्ही लघवी परीक्षानळीत घ्यायचो आणि स्पिरिटच्या दिव्यावर वरचा भाग तापवायचो, साफ असली तर काही होत नाही, प्रोटीन असलं की ढग धरतो, अंड्याचा पांढरा शिजल्यासारखा. तिच्या नळीत तर जवळजवळ घट्ट दहीच झालेलं, मला अजून डोळ्यांपुढं दिसतंय. झटके थांबवायचं मॅग्नेशियमचं इंजेक्शन चालू, तासातासाला गुडघ्यावर हातोडी मारून पाय उडतो का बघायचं, श्वास मोजायचे, लघवीच्या पिशवीत किती जमलं ते लिहायचं. वाचली. बाळ पण वाचलं. आणि भाजीच्या पिशव्या हातात घेऊन ती मला सांगत होती की मागच्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली, वय 43, "डॉक्टर पण चक्रावले सिस्टर, घरात कुणाला हार्टचं काही नाही, मला बीपी-शुगर पण नव्हती." मी म्हटलं, तुला बीपी नव्हतं? ती म्हणाली, ते होय, ते तर बाळंतपणातलं.

त्या एका बाईवरून मी सगळ्यांचा हिशेब मांडत नाही, एका उदाहरणानं काही सिद्ध होत नसतं. पण घरी येऊन भाच्याला बसवलं, तो डॉक्टर आहे, आणि म्हटलं मला हे नीट वाचून दाखव. तर ही माहिती कधीचीच होती गं. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 2007 सालीच जगभरच्या पाहण्या एकत्र करून छापलं होतं की ज्यांना प्रीएक्लॅम्प्सिया झाला (तुला झाला तोच) त्यांना पुढं कायमचं बीपी लागायची शक्यता बाकीच्या बायकांच्या पावणेचार पट, हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराची दुप्पट, आणि लकव्याची दुपटीच्या जवळ. 2011 साली अमेरिकन हार्ट असोसिएशननं बायकांच्या हृदयरोगाच्या धोक्यांच्या यादीत याला घातलं पण. मग 2017 ला 64 लाखांहून जास्त बायकांच्या नोंदी एकत्र केल्या, त्यात हार्ट फेल्युअरची शक्यता चौपट निघाली. आणि बाळ दिवस भरायच्या आधी काढावं लागलं असेल, म्हणजे तुझ्यासारखं, तर पुढचा धोका दिवस भरलेल्यांपेक्षा जास्त. हे सगळं छापून झालेलं असताना मी वॉर्डात "आता काळजी करू नका वहिनी" म्हणत होते. असो.

आता हे दुप्पट-चौपट वाचून तुझा जीव परत वर-खाली होणार, म्हणून सांगते. तू कॅशियर आहेस, तुला आकडे मी काय शिकवू. दहा रुपयाचे दुप्पट वीस होतात, लाखाचे दुप्पट दोन लाख. 36 व्या वर्षी बाईला हार्टचा त्रास व्हायची शक्यता मुळातच फार थोडी असते, त्याचं दुप्पट केलं तरी ते थोडंच राहतं. प्रश्न आजचा नाहीच, प्रश्न 50-55 चा आहे, पाळी गेल्यावरचा, तेव्हा मूळ रक्कमच मोठी झालेली असते. म्हणजे तुझ्या हातात पंधरा-वीस वर्षं आहेत, एवढा अवधी हार्टच्या बाबतीत कुणाला मिळतोय? बापयांना तर पहिली खबर कित्येकदा थेट आयसीयूतच मिळते.

असं का होतं, तेही थोडक्यात. पोटात बाळ असताना बाईच्या अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं, हृदयाला तेवढं सगळं फिरवावं लागतं. त्यात वारेला रक्त पुरवणाऱ्या नळ्या नीट रुंद व्हायला लागतात, त्या झाल्या नाहीत की वार उपाशी पडते आणि आईच्या रक्तात असली काही द्रव्यं सोडते की तिच्या सगळ्या रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडतं. म्हणून बीपी, म्हणून सूज, म्हणून किडनीतून प्रोटीन, म्हणून डोळ्यांपुढं काजवे, सगळं एकाच कारणानं. वार गेली की ती द्रव्यं जातात. पण अस्तर पूर्ण पहिल्यासारखं होतंच असं नाही. काही डॉक्टर म्हणतात की त्या बाईच्या रक्तवाहिन्या आधीपासूनच जरा नाजूक होत्या, बाळंतपणानं ते फक्त उघडं पाडलं, पहिल्या वळवात कौलं कुठं गळतायत ते कळतं तसं. बहुतेक दोन्हींतलं थोडं थोडं असावं. आपल्याला करायचं ते दोन्हीकडून सारखंच आहे.

तर 146/94. आपल्याकडं कोल्हापुरात पावसाळ्यात सगळं गाव उठल्या उठल्या मोबाइलवर काय बघतं? पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी. 39 फूट इशारा, 43 फूट धोका. 39 ला चिखली-आंबेवाडीची माणसं जनावरं हलवायला लागतात, त्यांना कुणी भित्रं म्हणत नाही, 2019 च्या महापुरानंतर तर नाहीच नाही. तुझं बीपी म्हणजे 39 फूट समज. घर सोडून पळायचं नाही, पण "पंचगंगा दरवर्षीच वाढते" म्हणून झोपायचं पण नाही.

आणि आधी ते माप खरं आहे का बघ. शिबिरातलं बीपी मला माहितीय कसं घेतात, लाइन लागलेली, तू काउंटर सोडून जिना चढून गेलेली, आधी चहा झालेला, शेजारीण बोलतेय, हात लोंबकळतोय, पट्टा ब्लाउजच्या बाहीवरून गुंडाळलेला. असल्यात दहा-पंधरा पॉइंट सहज वर जातात. म्हणून एका मापावर कुणी बीपी ठरवत नाही. दंडावर बांधायचं डिजिटल मशीन घे, मनगटाचं नको, ते फसवतं. पट्टा दंडाला नीट बसतो का बघून घे, दंड जाड आणि पट्टा लहान असला तर आकडा खोटाच जास्त येतो. मग सात दिवस सकाळ-संध्याकाळ मोज. लघवीला जाऊन ये, पाठ टेकून खुर्चीत बस, पाय जमिनीवर, तिढा घालायचा नाही, हात टेबलावर छातीच्या उंचीला, दंड उघडा, आधी अर्धा तास चहा नाही, आणि पाच मिनिटं गप्प. गप्प म्हणजे गप्प, मोबाइल पण नको. एक मिनिटाच्या अंतरानं दोनदा घ्यायचं आणि दोन्ही आकडे लिहायचे, आवडला तेवढाच लिहायचा असं करू नकोस, बायका करतात, माझ्या बहिणीनं केलंय. पहिल्या दिवसाचे सोडून बाकीच्यांची सरासरी काढ. घरी 135/85 किंवा त्याच्या वर येत असेल तर बीपी आहे असं धरतात. दवाखान्यात 140/90 धरतात, घरी जरा कमीच धरायचं असतं.

ती वही आणि ते कार्ड घेऊन एमडी मेडिसिनवाल्या डॉक्टरकडं जा. आणि तिथं बसल्या बसल्या, ते विचारोत न विचारोत, स्वतःच्या तोंडानं एकच वाक्य बोल: "मला 33 व्या आठवड्यात प्रीएक्लॅम्प्सिया होऊन सिझर झालंय." बास. 'बाळंतपणात जरा बीपी होतं' असं बोलू नकोस, ते कानाआड जातं. किती आठवडे, बीपी किती, लघवीत प्रोटीन होतं, झटके आले होते का नाही, बाळाचं वजन, गोळ्या किती दिवस, हे सगळं कार्डावर असतं. कार्डाचा फोटो काढून मोबाइलमध्ये ठेव, नवऱ्याच्या मोबाइलमध्ये पण ठेव, कारण पावती-कार्डांची ती शाई काही वर्षांत उडते आणि कार्ड कोरं होतं, कॅशियर बाईला हे वेगळं सांगायला नको.

ते साधारण काय तपासतील, तर उपाशीपोटी शुगर किंवा एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर), कोलेस्टेरॉलचा लिपिड प्रोफाइल, किडनीसाठी क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन, एक ईसीजी, कदाचित थायरॉइड. वजन आणि कंबर बघतील, आपल्या बायकांची कंबर 80 सेंटीमीटरच्या आत पाहिजे म्हणतात (माझी नाहीये, हसू नकोस). इको (हृदयाची सोनोग्राफी) लागला तर ते सांगतील. तू आपली घाबरून स्वतःहून "फुल बॉडी" पॅकेज आणि अँजिओग्राफीच्या मागं लागू नकोस, असल्या जाहिराती घाबरलेल्या माणसांसाठीच असतात. पैशाची अडचण असेल तर सरकारी केंद्रात तिशीच्या वरच्यांचं बीपी-शुगर फुकट तपासतात आणि गोळ्या पण मिळतात, तुमच्या भागातल्या आशाताईला विचार, तिला सगळं ठाऊक असतं. 2022 च्या नवरात्रात 'माता सुरक्षित तर घर सुरक्षित' म्हणून सरकारनं 18 च्या वरच्या बायकांची तपासणी काढली होती आठवतंय? तेव्हा आपल्या किती जणी "मला काय झालंय" म्हणून घरीच बसल्या, त्यात माझी शेजारीण पण.

गोळीचं. एकदा लागली की आयुष्यभर, हे वाक्य मी एवढ्यांदा ऐकलंय. अगं, आयुष्यभर लागतो तो आजार, गोळी नव्हे. वजन उतरलं, मीठ उतरलं, चालणं वाढलं की कित्येकांची गोळी कमी होते, काहींची बंद पण होते, डॉक्टरच करतात. आणि समजा नाहीच झाली बंद, तर चष्मा आयुष्यभर लावतोच की आपण. गोळीनं किडनी खराब होते हे तर अगदी उलटं आहे, किडनी खराब करतं ते न उतरवलेलं बीपी.

पण तुझ्या बाबतीत एक मोठी गोष्ट आहे आणि ती तू डॉक्टरला सांगितलीच पाहिजेस, की दुसऱ्या मुलाचा विचार चाललाय. कारण आजकाल सर्रास लिहून देतात त्यातल्या काही बीपीच्या गोळ्या, ज्यांच्या नावाच्या शेवटी 'सार्टन' किंवा 'प्रिल' येतं, टेल्मिसार्टन वगैरे, त्या पोटातल्या बाळाला घातक असतात. म्हणून दिवस जायच्या आधीच गोळी बदलून घ्यायची, लॅबेटालॉल, निफेडिपिन असल्या चालतात त्या डॉक्टर बघून देतील. आधीची कुणाची उरलेली स्ट्रिप खाऊ नकोस, आणि चालू गोळी घाबरून मनानं बंद पण करू नकोस. बीपी ताब्यात आणून, वजन बघून, शुगर-थायरॉइड बघून मगच दुसऱ्याचं ठरवा, चार-सहा महिने इकडंतिकडं झाले म्हणून काही बिघडत नाही. परत तसंच होईल का म्हणशील, तर होऊ शकतं, पहिल्यांदा जितकं लवकर झालं तितकी शक्यता जास्त, पण पुष्कळ जणींचं दुसरं नीट जातं हेही मी डोळ्यांनी पाहिलंय. नाव घालायला पहिल्या तीन महिन्यांतच जायचं, सातव्यात ओटीभरणाच्या वेळी नव्हे, आणि पहिल्याच भेटीत ते कार्ड टेबलावर ठेवायचं. कारण ज्यांना आधी झालंय त्यांना कमी ताकदीची ॲस्पिरिन 12 व्या आठवड्यानंतर, शक्यतो 16 च्या आत, रात्री घ्यायला सुरू करतात, त्यानं परत व्हायची शक्यता खाली येते. ती वेळेत सुरू झाली तरच तिचा उपयोग, सातव्या महिन्यात कळून काय करायचं. आणि ती पण डॉक्टरनं दिली तरच, मनानं नाही.

तोपर्यंत दिवस राहू नयेत म्हणून काय वापरतेस ते पत्रात लिहिलं नाहीस, पण माला-डी किंवा तसली दुसरी गोळी घेत असशील तर बीपी असताना ती चालत नाही, त्यात इस्ट्रोजेन असतं. तांबी आहे, निरोध आहे, सरकारी दवाखान्यात 'छाया' नावाची गोळी मिळते, तिच्यात ते हार्मोन नसतं. आणि कंबर दुखली, डोकं दुखलं की मेडिकलमधून डायक्लो नाहीतर ब्रुफेन आणून खायची सवय असेल तर तीही बीपी वर नेते, हे बायकांना कुणी सांगतच नाही. सर्दीच्या नाक मोकळं करणाऱ्या गोळ्या पण त्यातल्याच.

खाण्याचं बोलायचं तर आधी तिखटाला उगाच बदनाम करू नका. तांबडा रस्सा तिखट आहे म्हणून बीपी वाढत नाही, वाढतं ते मिठानं. दिवसाला माणशी 5 ग्रॅमच्या आत मीठ पाहिजे म्हणतात, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, दिवसभराच्या सगळ्यात मिळून. आता मोज. आमटीत घातलंस, भाकरीच्या पिठात चिमूट, कांदा-लसूण चटणीत आधीच भरपूर, खर्ड्यात जाडं मीठ, शिवाय ताटात डावीकडं लोणचं, वर पापड, आणि संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर भडंग. भडंगाची डिश खाल्ल्यावर तांब्याभर पाणी का लागतं कधी विचार केलायस? मिसळीची सगळी गंमत वरच्या फरसाणात आणि तर्रीत, मला मान्य आहे, महिन्यातनं एकदा खा आणि मजेत खा. रोजच्यात लोणचं-पापड-फरसाण हे तीन उचललेस तरी निम्मं काम झालं. गूळ पौष्टिक म्हणून चहात दोन खडे टाकशील तर तीही साखरच आहे, कोल्हापूरचा असला तरी. आणि एक कळकळीनं सांगते, तुझ्यासाठी वेगळं भांडं लावू नकोस. बाई स्वतःसाठी बिनमिठाचं वेगळं चार दिवस करते, पाचव्या दिवशी कंटाळून सगळ्यांच्यातलं खाते. सगळ्या घराचंच मीठ हळूहळू कमी कर, न सांगता. महिन्याभरानं जिभेला तेच खारट लागायला लागतं. सासूबाईंचं बीपी पण उतरेल, त्यांना सांगायचं नाही.

चालायला रंकाळ्यावर जा की, आठवड्याला 150 मिनिटं, म्हणजे रोज अर्धा तास पाच दिवस, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगानं. फक्त फेरी भेळेच्या गाडीशी संपवायची नाही. घरकामात होतंय की चालणं असं म्हणतात बायका, ते दमणं असतं, चालणं वेगळं.

जाऊबाईंना हे पत्र वाचायला दे, त्यांचं लांबवत नाही. ज्यांना बाळंतपणात शुगर होती त्यांना पुढं कायमची शुगर लागायची शक्यता बाकीच्यांपेक्षा दहापटीच्या आसपास असते, आणि शुगर लागली की हृदय त्याच रांगेत. बाळंतपणानंतर दीड ते तीन महिन्यांच्या आत 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन तपासणी करायची असते, ती बहुतेक जणी करतच नाहीत, कोण करणार, बाळ रडतंय, टाके दुखतायत, सव्वा महिना घराबाहेर पडायचं नाही. राहिली असेल तर आता करा, आणि नॉर्मल आली तरी दर एक ते तीन वर्षांनी परत. ज्यांचं बाळ दिवस भरायच्या आत झालं, किंवा पूर्ण दिवसांचं असून फारच कमी वजनाचं झालं, किंवा वार आधीच सुटली, त्यांनी पण हे कार्ड जपायचं. त्या सगळ्या या एकाच यादीत येतात.

छातीत चमकतंय म्हणालीस. एका बोटानं दाखवता येतं, दाबलं की दुखतं, क्षणभर सुई टोचल्यासारखं होऊन जातं, असलं बहुतेकदा हृदयाचं नसतं, तरी डॉक्टरकडं जाशील तेव्हा सांग. पण छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं जड झालं, ते जबड्यात, पाठीत, डाव्या हातात गेलं, दरदरून घाम फुटला, धाप लागली, किंवा तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली, हात उचलेना, तर 108 लावायचं, सोडा प्यायचा नाही. बायकांना छातीत दुखण्यापेक्षा कधी कधी नुसतीच मळमळ, धाप, पाठदुखी आणि कारण नसताना थकवा असंही येतं, आणि आपल्याकडं बाई म्हणते पित्त झालंय, घरचे म्हणतात उपास बाधला, लिंबू-सोडा देतात आणि दोन तास जातात. हे आज तुला होईल म्हणून सांगत नाही. तुझ्या आईला, सासूबाईंना होऊ शकतं म्हणून सांगते.

टेन्शनचं तर, सासूबाई अगदीच चूक नाहीत, मार्च एंडला तुझं बीपी वाढत असणारच. पण टेन्शन पतसंस्थेतल्या सगळ्यांनाच आहे, 33 व्या आठवड्यातलं सिझर तुझ्या एकटीच्या कार्डावर आहे. त्यांच्याशी वाद घालू नकोस. शनिवारी मशीन आण, आधी त्यांचं बीपी बघ, मानानं. मग त्याच म्हणतील आता तुझं बघ. त्या काचेतून बाहेर आलेल्या पोरीला बटण दाबायला दे, पाच मिनिटं आईशी बोलायचं नाही हा खेळ आहे म्हणून सांग, आणि आकडा तिलाच वहीत लिहू दे, पहिलीतल्या पोरांना मोठे मोठे आकडे लिहायला फार आवडतात. सात दिवसांनी ते पान मला पाठव.